पेट्रोल कुठे अडले?

कुर्ल्याच्या कारखान्यात पद्मिनी गाडी बनत असे. २००० सालाच्या सुमारास ती बनायची थांबली. मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीही २०२३ साली रस्त्यावरून गेल्या. तरी कुणी कुणी ही जुनी गाडी अजून जिवापाड जपली आहे. अडीअडचणीला सारी आळी तिच्याकडेच धावते. आणि नेमकी तेव्हाच ती हटून बसते! सेल्फ मारला की घुर्र घुर्र करते, पण इंजिन काही धरत नाही. अशा वेळी काय करायचं?

चूल पेटायला जळण, वारा आणि काडी लागते. इंजिनालाही तीनच गोष्टी लागतात. पेट्रोल, हवा आणि ठिणगी. आज आपण पेट्रोलाचे पाहू या.

पेट्रोल टाकीतून निघते. नळीतून ते इंजिनाजवळच्या लहान पंपात येते. पंपात रबरी पडदा असतो. तो लोहाराच्या भात्यासारखा वरखाली होतो आणि पेट्रोल ओढून कार्बोरेटरकडे ढकलतो. कार्बोरेटरात पेट्रोल व हवा यांचे मिश्रण होते. तेच इंजिनात जळते.

शेवटच्या वाफ्यात पाणी आले नाही, तर आपण पाटाच्या कडेने मागे मागे जातो. पाट कुठे फुटला, कुठे तुंबला ते पाहतो. इथेही तसेच करायचे.

पण आधी एक गोष्ट पक्की ध्यानात धरा. पेट्रोलाची वाफ लांबूनही पेट घेते. जवळ विडी नको, कंदील नको, काडी नको. इंजिन गार होऊ द्यावे. काम उघड्यावर करावे. जवळ वाळूची बादली ठेवावी. तोंडाने पेट्रोल ओढू नये. ते फुप्फुसात गेले तर जिवावर बेतते. काही जण कार्बोरेटरात वरून पेट्रोल ओतून सेल्फ मारतात. भडका उडून तोंड भाजते. असे कधीही करू नये.

आता पहिली पायरी. टाकी पाहा. जुन्या गाडीचा काटा खोटे बोलतो. दोन लिटर पेट्रोल घालून बघावे. झाकण उघडताना सूं करून हवा आत गेली का? तर झाकणाचे बारीक भोक बुजले असेल. टाकीत हवा शिरली नाही, तर पेट्रोल बाहेर येत नाही. ते भोक साफ करावे.

दुसरी पायरी. वास घ्या. पेट्रोलाचा उग्र वास येतो का? मग इंजिनात पेट्रोल कमी नाही, जास्त झाले आहे. चोक आत ढकलावा. थोडा वेळ थांबावे. मग एक्सिलेटर पूर्ण दाबून धरावा आणि सेल्फ मारावा. एक्सिलेटर सारखा दाबू-सोडू नये.

तिसरी पायरी. वास नसेल, तर चावी बंद करावी. कॉइलची बारीक वायर काढून तिच्या टोकाला चिकटपट्टी गुंडाळावी, म्हणजे ठिणगी पडणार नाही. कार्बोरेटरला येणारी नळी काढून तिचे तोंड काचेच्या बाटलीत धरावे. दुसऱ्याने सेल्फ मारावा.

पेट्रोल चिळकांड्या मारत आले, तर पंप ठीक आहे. दोष बहुधा कार्बोरेटरात आहे. त्याची सुई अडकली असेल, नाहीतर जेटच्या बारीक भोकात कचरा बसला असेल. बाटली थोडा वेळ स्थिर ठेवा. तळाशी वेगळा थर दिसला, तर टाकीत पाणी शिरले आहे. पेट्रोल हलके, म्हणून पाणी खाली बसते.

पेट्रोल आलेच नाही, तर मागे चला. फिल्टर तुंबला का? पंपाचा पडदा फाटला का? टाकीपासून पंपापर्यंतच्या नळीला चीर आहे का? अशा चिरेतून बाहेर थेंब पडेलच असे नाही. पंप पेट्रोलाऐवजी हवाच ओढत बसतो.

हल्ली पेट्रोलात शंभर भागांत वीस भागांपर्यंत इथेनॉल असते. ते उसापासून, मक्यापासून करतात. जुने रबर त्याने लवकर खराब होते. शिवाय इथेनॉल पाणी धरते. म्हणून नळ्या व पडदा नव्या पेट्रोलाला चालतील अशा रबराचे घालावेत. गाडी महिनोन् महिने उभी ठेवू नये.

हे सारे दिवसाउजेडी, सवडीने तपासावे. रात्री दारात आजारी माणूस असेल, तर गाडीशी झटत बसू नये. आधी १०८ नंबरला फोन करावा. आणि मिस्तरीकडे जाल तेव्हा नुसतं "गाडी चालत नाही" असं सांगू नका. "पंपापर्यंत पेट्रोल येतं, पुढं जात नाही," असं सांगा. मग चांगला भाग उगाच बदलला जाणार नाही आणि आपला पैसाही वाचेल.