वादकाची पावले

नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तरेस सातपुड्याच्या रांगा पसरलेल्या आहेत. त्या रांगांत, अक्कलकुवा तालुक्यात, काठी नावाचे एक लहानसे गाव आहे. एरवी शांत असणारे हे गाव फाल्गुनी पौर्णिमेच्या रात्री माणसांनी फुलून जाते. दूरदूरच्या पाड्यांतून आदिवासी बांधव डोंगरवाटा तुडवीत येथील राजवाडी होळीसाठी येतात. रात्रभर ढोल घुमत राहतात, आणि पहाटे होळी पेटते. या मेळ्यात 'बुध्या' आणि 'बावा' यांच्याकडे प्रत्येकाची दृष्टी वळते. डोक्यावर मोरपिसांचा उंच टोप, उघड्या अंगावर पांढरी नक्षी, कमरेला वाळलेले भोपळे व घुंगरे असा त्यांचा थाट असतो. हा वेष केवळ हौसेचा नव्हे. तो धारण करणाऱ्याने नवस केलेला असतो आणि त्या दिवसांत तो व्रतस्थ राहतो.

या नर्तकांना वादक म्हणावे की काय, असा प्रश्न मला पूर्वी पडत असे. आता पडत नाही. कमर हलली की घुंगरे वाजतात. कमर थांबली की घुंगरे मुकी होतात. पाऊल जमिनीवर पडते त्याच क्षणी नाद उठतो. येथे वाजविणे निराळे आणि हालणे निराळे असे नाहीच. ढोल वाजविणाराही आपले जड वाद्य अंगावर घेऊन उभा असतो. त्याच्या प्रत्येक घावाबरोबर त्याचे सगळे शरीर डोलते. त्या डोलण्याला कोणी शिकवणी दिलेली नसते. ओझे आणि ताल या दोघांनी मिळून ते त्याला शिकविलेले असते.

हे सारे आज आठवण्याचे कारण एक विद्यार्थी आहे. मी या जिल्ह्यात मुख्याध्यापक असताना धडगावकडील एका पाड्यातील हा मुलगा आमच्या शाळेत नववीत शिकत होता. त्याचा वडील भाऊ कामासाठी सुरतेस राहत असे. येताना त्याने एक जुनी गिटार आणली आणि ती या मुलाच्या हाती पडली. वसतिगृहाच्या ओट्यावर बसून तो ती तासन् तास वाजवीत असे. सूर नेमके लागत, ताल चुकत नसे. साहजिकच शाळेच्या स्नेहसंमेलनात त्याचे वादन ठेवले.

परंतु पडदा वर गेला आणि जे दिसले ते पाहून मला वाईट वाटले. मुलगा खांबासारखा ताठ उभा होता. मान डावीकडे आणि खाली इतकी झुकलेली, की प्रेक्षकांना त्याच्या केसांचा भांग तेवढा दिसत होता. खांदे कानांपर्यंत चढले होते. बोटे ओट्यावर जशी धावत तशी धावेनात. पुढच्या रांगेतून कोणीतरी "पुतळा!" म्हणून ओरडले, हशा पिकला, आणि गाणे अर्ध्यावर टाकून तो आत निघून गेला. त्यानंतर कित्येक दिवस गिटार तिच्या पिशवीतून बाहेर आली नाही.

त्याच वर्षी होळीला मी काठीस गेलो होतो. पहाटेच्या उजेडात मोरपिसांच्या टोपाखालचा एक चेहरा ओळखीचा वाटला. तोच तो मुलगा! हजारो लोकांच्या मध्यभागी तो अशा मोकळेपणाने नाचत होता, की संमेलनातला मुलगा हाच, यावर विश्वास बसू नये. व्रत संपवून तो शाळेत परतला तेव्हा मी त्याला बोलावून विचारले, "अरे, संमेलनात तुझे पाय कुठे गेले होते?"

तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "गुरुजी, होळीला पाय थांबले की वाजणंच थांबतं. गिटार पाय थांबले तरी वाजते."

मुलांनो, या एका उत्तरात गिटारवादकाची सगळी अडचण सामावलेली आहे. त्या दिवसापर्यंत मलाही ती समजली नव्हती.

गिटारीची रचना पाहा. लाकडाचा पोकळ देह, त्यातून निघालेली लांब दांडी, दांडीवर आडवे पडदे आणि ताणून बसविलेल्या सहा तारा. उजव्या हाताने वाजविणाऱ्या वादकाचा डावा हात पडद्यांवर तारा दाबतो आणि उजवा हात बोटांनी किंवा नखीने त्या छेडतो. दोन्ही हात आपापल्या कामात गुंतलेले. पाय, कंबर आणि मान मात्र रिकामी. अशा रिकाम्या अवयवांचे काय करावे, हे वादकाला कळत नाही. ओट्यावर बसलेला असताना हा प्रश्न उद्भवत नाही. माणसे समोर येऊन बसली आणि वादक उभा राहिला, की तो प्रश्न त्याला घेरतो. मग कोणी गोठून जातो, तर कोणी उगाच इकडून तिकडे येरझारा घालू लागतो. माझ्या मते या दोन्ही गोष्टी एकाच भीतीतून निघतात.

गिटार उभ्यानेच वाजवावी असे कोठे आहे, असे तुम्ही विचाराल. तो प्रश्न रास्त आहे. जोधपूरचे पंडित ब्रिजभूषण काब्रा यांनी हे वाद्य मांडीवर आडवे ठेवून त्यावर राग वाजविले. पंडित शिवकुमार शर्मा व पंडित हरिप्रसाद चौरसिया यांच्यासह १९६७ साली त्यांनी केलेली 'कॉल ऑफ द व्हॅली' ही ध्वनिमुद्रिका पुष्कळ गाजली. स्पॅनिश पद्धतीचे वादक खुर्चीवर बसतात आणि डावा पाय लहानशा चौरंगावर ठेवून गिटारीची दांडी उंच धरतात. शेजारच्या गोव्यात मांडो नाचताना व्हायोलिन आणि घुमट यांच्या जोडीला गिटार असते. तेथे नाचतात ते नाचणारे. वादक त्यांना साथ देतो. परंतु स्वतः गाणारा आणि वाजविणारा वादक जेव्हा एकटा लोकांपुढे येतो, तेव्हा तो बहुधा उभाच राहतो. त्यासाठी गिटारीला पट्टा लावून ती गळ्यात अडकवितात.

वास्तविक तारेचे वाद्य घेऊन उभे राहणे ही गोष्ट महाराष्ट्राला नवी नाही. पोवाड्यात शाहिराच्या मागे तुणतुणेवाला उभा असतो. तुणतुण्याला तार एकच. पोकळ नळकांड्याच्या तळाला कातडे, बाजूला उभी काठी, आणि कातड्याच्या मध्यातून निघून काठीच्या खुंटीपर्यंत गेलेली ती तार. शाहीर हातात डफ घेऊन पुढे येतो, मागे सरतो, हात उंचावतो. तुणतुणेवाला मात्र जागा फारशी सोडीत नाही. तरी तो निर्जीव दिसत नाही. गुडघे सैल असतात, शाहिराच्या शब्दाबरोबर त्याची मान हलते, आणि 'जी जी' म्हणण्याची वेळ आली की तो अर्धे पाऊल पुढे येतो. हे अर्धे पाऊलच पाहण्यासारखे असते.

त्याहूनही मोठे उदाहरण विणेकऱ्याचे. अखंड हरिनाम सप्ताहात सात दिवस वीणा खाली ठेवीत नाहीत. एकाचा पहारा संपला की दुसरा तिला नमस्कार करून ती आपल्या गळ्यात घेतो. मध्यरात्री मंदिरात चारदोन माणसेच असतात. विणेकरी तेथे संथपणे उभा असतो. त्याची बोटे तारांवर फिरत असतात आणि तो पावलाशी पाऊल जुळवीत जागच्या जागी किंचित डोलत असतो. कोणी पाहत आहे की नाही, याची त्याला चिंता नसते. आणि म्हणूनच की काय, मंदिरात आलेल्या माणसाची नजर प्रथम त्याच्याकडेच जाते. रंगमंचावर नुसते उभे राहण्यातही केवढे सामर्थ्य असते, हे ज्याला पाहावयाचे असेल त्याने एकदा तो पहारा पाहावा.

आता दुसऱ्या टोकाचे उदाहरण घेऊ. अमेरिकेत चक बेरी (१९२६–२०१७) नावाचा गिटारवादक होऊन गेला. तो एक गुडघा वाकवून, दुसरा पाय पुढे फेकीत, बसल्यासारखा होऊन रंगमंचाच्या एका कडेपासून दुसरीकडे सरकत जाई, आणि ते करताना गिटार वाजतच असे. लोकांनी त्या चालीला बदकाची चाल म्हटले. १९७७ साली अंतराळात गेलेल्या व्हॉयेजर यानांवर पृथ्वीवरील नादांची जी तबकडी ठेवली आहे, तीत त्याचे एक गाणे आहे. त्याची चाल अर्थातच तबकडीत मावली नाही! परंतु ते गाणे ऐकताना ताल असा उसळतो, की ती चाल त्यातूनच निघाली असावी असे वाटते. ज्यांनी नुसती चाल उचलली आणि ताल उचलला नाही, त्यांचे मात्र हसे झाले.

इतके समजल्यावर आमच्या मुलाच्या बाबतीत काय करावयाचे, हे ठरविणे सोपे झाले. गिटार पायांना काही काम देत नसेल, तर ते आपण द्यावयाचे. मी त्याला घुंगरे बांधून वाजवावयास सांगितले. होळीची घुंगरे आणण्यास तो तयार झाला नाही. ती व्रताची होती, आणि त्याचे म्हणणे मला पटले. तेव्हा आम्ही बाजारातून बैलाच्या घुंगरमाळेची चार घुंगरे आणून त्याच्या उजव्या पायात बांधली. आता पाय थांबला की खोलीत शांतता होई आणि ती शांतता त्यालाच बोचे. पंधरा दिवसांत पायाने ताल धरला. नंतर घुंगरे सोडली. ताल पायात राहिला. पायातून तो गुडघ्यात चढला, खांदे आपोआप खाली आले.

मान वर करण्यास मात्र अधिक वेळ लागला. बहुतेक गिटारींच्या दांडीच्या वरच्या कडेला, वादकाला दिसतील असे, बारीक ठिपके असतात. तिसऱ्या, पाचव्या, सातव्या, नवव्या आणि बाराव्या पडद्यापाशी ते सामान्यतः आढळतात. हात लांबवर न्यावयाचा असेल तेव्हा त्या ठिपक्याकडे एक कटाक्ष पुरे. एरवी बोटांना जागा ठाऊक असते. ती ठाऊक व्हावी म्हणून तो रात्री दिवा मालवून वाजवू लागला. वसतिगृहातील मुलांनी कुरकुर केली, ती मी ऐकली नाही असे दाखविले.

पट्ट्याचीही एक गोष्ट होती. चित्रे पाहून त्याने गिटार पार मांडीपर्यंत लोंबती ठेवली होती. त्यामुळे डावे मनगट वाकडे होई आणि बोटांना ताण बसे. बसून वाजविताना गिटार ज्या उंचीवर असते, साधारण त्याच उंचीवर ती उभ्यानेही असावी, इतका पट्टा आखूड करावा. वजन डाव्या खांद्यावर येते, म्हणून रुंद पट्टा बरा. पावलांत खांद्याइतके अंतर ठेवावे, एक पाऊल किंचित पुढे. वळताना आपल्या डावीकडे हातभर लांब दांडी आहे, हे विसरू नये; पहिल्याच तालमीत त्याने तबलजीच्या कानाशी ती नेऊन भिडविली. विजेच्या ध्वनिवर्धकास जोडलेली गिटार असेल, तर तिची वायर पट्ट्यातून ओवून मग गिटारीस जोडावी. वायरीवर कोणाचा पाय पडला, तर झटका पट्ट्याला बसतो. वायर निसटत नाही.

केव्हा हालावे, हा प्रश्न त्याने मला अनेकदा विचारला. मी संगीताचा शिक्षक नव्हे, मराठीचा. म्हणून मी त्याला माझ्या विषयातले उत्तर दिले. वाक्य चालू असताना आपण परिच्छेद बदलतो का? ओळ संपली की नवी सुरू करतो. गाण्यातही कडवे संपते, नुसते वादन सुरू होते, तेथे जागा मिळते. गाताना ध्वनिक्षेपकापाशी उभेच राहावे लागते; कडवे संपले की पाऊल पुढे टाकावे, पुन्हा शब्द येण्यापूर्वी जागेवर परतावे. शेवटचा सूर विरेपर्यंत हात तारांवरून उचलू नये. नवशिके नेमके तेथेच घाई करतात. सूर वाजत असतानाच ते पट्टा काढू लागतात, आणि ऐकणाराचा हात टाळीसाठी उठतो तो अर्ध्यावर राहतो.

पुढल्या वर्षीच्या संमेलनात त्याने पुन्हा तेच गाणे निवडले. दुसरे घे, असे आम्ही सुचविले होते. त्याने ऐकले नाही. पडदा वर गेल्यावर तो क्षणभर काहीच न वाजविता उभा राहिला. समोरून कुजबुज झाली. त्याचा उजवा पाय हलू लागला, चार मात्रा गेल्या, आणि मग पहिली तार वाजली. पहिले कडवे संपल्यावर तो दोन पावले पुढे आला. दुसऱ्या कडव्यापूर्वी परतला. मागच्या वर्षी जेथे गाणे सुटले होते ती जागा आली तेव्हा मी खुर्चीचा हात घट्ट धरला होता. त्या जागी त्याने मान वर केली आणि जेथून हाक आली होती त्या रांगेकडे पाहत ती ओळ वाजविली.

शेवटच्या कडव्यानंतर तो आणखी एक पाऊल पुढे आला. साऱ्या गाण्यात तो परतीची धरून एकंदर पाचच पावले चालला. मी मोजली होती.