नावेच्या यंत्राचा जोर कां ओसरतो ?

भीमेवरील उजनी धरण १९८० सालीं पुरें झालें आणि इंदापूर, करमाळा या तालुक्यांतील कित्येक गांवांच्या जुन्या वाटा पाण्याखालीं गेल्या. पैलतीरीं कामकाज असलेल्या शेतकऱ्यास तेव्हांपासून नाव ही चैनीची वस्तु राहिलेली नाहीं. कोयनेच्या शिवसागर जलाशयाकांठींही हीच स्थिति आहे. ता. २१ मे २०२४ रोजीं कुगांवहून कळाशीकडे निघालेली नाव वादळी वाऱ्यांत उलटून सहा माणसें दगावलीं. तो घात वाऱ्याचा होता, यंत्राचा नव्हे, परंतु भर पाण्यांत वारा उठला असतां कांठ लवकर गांठावयाचा तो यंत्राच्याच बळावर, आणि तें बळ दिवसेंदिवस उणें होत असतांही "चालतें आहे ना!" एवढ्यावर समाधान मानणारे मालक थोडे नाहींत. सबब नावेच्या पाठीस टांगावयाच्या पेट्रोलच्या यंत्राविषयीं येथें कांहीं लिहीत आहों.

गाडी रुतली असतां जाणता शेतकरी बैलांवर चाबूक उगारण्याआधीं चाकें पाहतो. नावेचेंही तसेंच आहे. यंत्र पुरे फेरे घेतें पण नाव सरत नाहीं, कीं यंत्रच पुरे फेरे घेत नाहीं, हें प्रथम ठरवावें. रोज नाव चालविणाऱ्याच्या कानास हा भेद सहज कळतो. पहिल्या प्रकारांत दोष बहुधा पंख्याचा असतो. उजनीच्या पाण्यांत जलपर्णी माजलेली असते. तिच्या मुळ्यांचा झुबका पंख्यास गुंडाळला कीं पंखा पाणी कापण्याऐवजीं घुसळीत राहतो. तुटक्या जाळ्याचा दोराही हेंच करतो. पातें वांकलें असेल तर नाव थरथरते. पंख्याच्या गाभ्यांत रबराचा बुश असतो. तो निसटूं लागला म्हणजे हळू चालतांना कांहीं कळत नाहीं, परंतु जोर देतांच यंत्र ओरडतें आणि नाव जागच्या जागीं राहते. यंत्र फार उंच बसविलें असल्यास पंखा हवा ओढतो व तोच परिणाम होतो. पंखा साफ करण्यापूर्वीं यंत्र अगदीं बंद करून त्याची किल्ली अगर दोरी काढून खिशांत घालावी. घाईनें बोटें गमावण्यांत अर्थ नाहीं.

यंत्रच मंद चालत असेल तर त्यावरील ओझें आधीं मोजावें. तळाशीं पंधरा लिटरच्या दहा बादल्या पाणी सांचलें असेल तर तेंच दीडशें किलो, म्हणजे दोन धट्टीं माणसें फुकट बसून चाललीं आहेत असें समजावें. फायबरच्या जुन्या नावेंत आंतील फोम पाणी पिऊन बसतो; तें वजन डोळ्यांस दिसतही नाहीं. शेवाळ धरलेलें बूड घासून स्वच्छ करण्यास अर्धा दिवस लागतो, आणि त्यानें पडणारा फरक पाहून पुष्कळांस आश्चर्य वाटेल. आणखी एक गोष्ट फार थोडे लोक पाहतात. एकानें मूठ पुरी फिरवावी आणि दुसऱ्यानें झांकण काढून थ्रॉटल खरोखर पूर्ण उघडतो कीं नाहीं हें यंत्र बंद असतांना पाहावें. तार ढिली पडली असेल तर बाकी सर्व दुरुस्त्या व्यर्थ आहेत.

येथवर कांहीं सांपडलें नाहीं, तर संशय इंधनावर घ्यावा. आमच्या मतें निम्म्याहून अधिक तक्रारींचें मूळ येथेंच असतें. यंत्र उभ्या नावेवर गोड चालतें, पण भार पडतांच दमतें, हें उपासमारीचें लक्षण होय. त्याची परीक्षा सोपी आहे. टांकीपासून यंत्राकडे जाणाऱ्या नळींत रबरी फुगा असतो. यंत्र दमत असतांना सोबत्यानें तो दाबीत राहावें. त्यानें यंत्र पुनः जोर धरूं लागलें, तर यंत्रावरील इंधनपंप दुबळा आहे अगर नळी कोठें तरी हवा ओढते आहे. फुगा आपोआप चपटा होत असेल तर अडथळा टांकीकडे आहे: टांकीच्या झांकणावरील हवेचा स्क्रू उघडावयाचा राहिला असेल किंवा तेथील गाळणी तुंबली असेल. तो स्क्रू बंद राहिल्यास यंत्र कांहीं वेळ उत्तम चालतें आणि नेमकें मधल्या पाण्यांत बंद पडतें.

आतां पेट्रोलचें. २०२५ पासून देशांत वीस टक्के इथेनॉल मिसळलेलें पेट्रोल सर्वत्र मिळूं लागलें आहे, आणि त्यांतील बराचसा भाग आपल्याच उसाच्या रसापासून व मळीपासून होतो. ऊस पिकविणाऱ्यानें त्यास नांवें ठेवावींत असें आम्हांस वाटत नाहीं. तथापि इथेनॉल हवेंतील ओलावा शोषतें, व नाव तर ओलाव्यांतच उभी असते. ओलावा मर्यादेबाहेर गेला म्हणजे पाणी व इथेनॉल एकत्र होऊन टांकीच्या तळाशीं बसतात, आणि नळी तर तळाकडूनच ओढते ! टांकीतील थोडें पेट्रोल तळापासून काढून कांचेच्या बाटलींत घंटाभर ठेवावें. दोन थर दिसले तर तें सर्व पेट्रोल यंत्रास वर्ज्य समजावें. महिनोन्‌महिने पेट्रोल सांठवूं नये. जुन्या रबरी नळ्याही इथेनॉलनें आंतून खराब होतात, त्या बदलाव्या. दोन धावांच्या यंत्रांत तेलाचें प्रमाण पुष्कळदां पन्नासास एक, म्हणजे लिटरास वीस मिलिलिटर असतें. तरी यंत्रासोबतच्या पुस्तकांत दिलें असेल तेंच घ्यावें, आणि तें मापून, अदमासानें नव्हे.

दोन सिलिंडरांच्या यंत्राचा एक प्लग मेला तर यंत्र हादरत चालतें. दोन्ही प्लग काढून शेजारीं ठेवावे: ओला प्लग जळण न झाल्याचें सांगतो, काजळी धरलेला तेल अगर इंधन अधिक झाल्याचें. प्लगांची अदलाबदल करून दोष त्यांबरोबर हलला तर नवा प्लग घालून काम भागेल. जागचा हलला नाहीं तर कारागिराकडून सिलिंडरांतील दाब मापवावा. दोहोंत सुमारें दहा टक्क्यांहून अधिक फरक निघाला तर रिंगा झिजल्याचा संशय धरावा.

थंड पाण्याची धार यंत्राच्या मागून अखंड पडते कीं नाहीं हें प्रत्येक फेरीस पाहावें. जलपर्णी अगर गाळ यांनीं तोंड बुजलें, किंवा पंपांतील रबरी चक्र झिजलें, तर यंत्र तापतें. अलीकडील कित्येक यंत्रें तापलीं असतां आपले फेरे स्वतःच कमी करतात. अशा वेळीं जोर गेला म्हणून मूठ पिळीत बसणें म्हणजे यंत्र जाळणें होय. यंत्र पाण्याबाहेर क्षणभरही चालवूं नये. कोरडें चक्र तेवढ्यांतच फाटतें.

यंत्र नवें अगर नुकतेंच नीट केलेलें असतांना, वारा पडलेल्या दिवशीं, ठरीव माणसें घेऊन पैलतीर गांठावयास किती मिनिटें लागतात तें वहींत लिहून ठेवावें, व दर महिन्यास तेवढींच माणसें घेऊन तीच फेरी मोजावी. दोन मिनिटें वाढलीं कीं वरील तपासणीस लागावें. वल्हीं मात्र दर फेरीस नावेंत असावींत.