‘विषय काढू नकोस’ म्हटल्याने काय होतं? एडना फोआ यांचं संशोधन

(व्याख्यानाच्या ध्वनिमुद्रणावरून केलेलं शब्दांकन)

मागे ऐकू येतंय ना? बरं.

कुणावर वाईट प्रसंग आला, म्हणजे मोठा अपघात, मारहाण, बलात्कार, की घरची माणसं काय म्हणतात? ‘झालं ते झालं. आता तो विषय काढू नकोस.’ प्रेमापोटीच म्हणतात. आणि ज्याच्यावर प्रसंग आला तोही तेच करत असतो. विषय टाळतो, तो रस्ता टाळतो, त्या वेळी घराबाहेर पडणं टाळतो. आज ज्या बाईंबद्दल बोलणार आहे, त्यांनी जवळजवळ सगळी कारकीर्द या टाळण्यावर खर्च केली. त्यांचं नाव एडना फोआ.

जन्म १९३७ चा, हैफाचा. बार-इलान विद्यापीठातून मानसशास्त्र आणि साहित्य घेऊन पदवी, मग अमेरिकेत मिसूरी विद्यापीठातून १९७० मध्ये क्लिनिकल सायकॉलॉजीत पीएचडी. त्यानंतर फिलाडेल्फियात, टेम्पल विद्यापीठात, जोसेफ वोल्पे यांच्याकडे त्या शिकायला गेल्या. वोल्पे हे मूळचे दक्षिण आफ्रिकेचे मनोविकारतज्ज्ञ. भीतीवर उपाय म्हणजे भीतीच्या गोष्टीला पायरी-पायरीने सामोरं जाणं, हा त्यांचा मार्ग. आपली भीती शून्य ते शंभर या मापात सांगायची, ही युक्तीही त्यांचीच. फोआंनी सुरुवातीला ती वाट ओसीडीच्या रुग्णांसाठी चोखाळली, म्हणजे पुन्हा पुन्हा हात धुणारी, कुलूप दहादा तपासणारी माणसं. १९७९ मध्ये त्यांनी चिंताविकारांच्या उपचारासाठी आणि अभ्यासासाठी स्वतंत्र केंद्र काढलं. ते पुढे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात गेलं.

१९८० मध्ये अमेरिकन मनोविकार संघटनेच्या निदानपुस्तिकेत पीटीएसडी हे नाव आलं. त्या वेळी सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होते व्हिएतनामहून परतलेले सैनिक. फोआंनी मात्र बलात्कार झालेल्या स्त्रियांकडे पाहिलं. आणि उपचाराआधी एक साधा प्रश्न विचारला: उपचार न करता काय होतं?

१९९२ मध्ये बार्बरा रॉथबॉम, फोआ आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. अत्याचारानंतर साधारण दोन आठवड्यांच्या आत पाहिलं, तर ९४ टक्के स्त्रियांमध्ये पीटीएसडीची लक्षणं पुरेपूर होती. तीनेक महिन्यांनी हे प्रमाण ४७ टक्क्यांवर आलं. हे दोन आकडे नीट लक्षात घ्या. पहिल्या दिवसांत झोप न लागणं, दचकणं, प्रसंग डोळ्यांपुढे येणं हे जवळजवळ सगळ्यांनाच होतं. तो दुबळेपणा नाही. आणि निम्म्याजणी हळूहळू सावरतात. मग उरलेल्या निम्म्या का अडकतात?

फोआ आणि मायकेल कोझॅक यांनी १९८६ मध्येच याची मांडणी केली होती. समजा, एका बाईवर संध्याकाळी पार्किंगमध्ये निळा शर्ट घातलेल्या माणसाने हल्ला केला. मनात हे सगळं एकत्र गुंफलं जातं: अंधार, गाड्या, निळा शर्ट, छातीतली धडधड, आणि त्या सगळ्याचा अर्थ, ‘मी मरणार’. आता निळा शर्ट म्हणजे काही धोका नव्हे, हे आपल्याला कळतं, तिलाही कळतं. पण निळा शर्ट दिसला की अख्खी गुंफण जागी होते. ती तिथून निघून जाते. लगेच बरं वाटतं. आणि इथेच मेख आहे! निघून गेल्यामुळे तो माणूस साधा शेजारी होता, हे मनापर्यंत पोचतच नाही. सहा महिन्यांत तिचं जग दोन खोल्यांचं होतं. ‘जग धोक्याचं आहे आणि माझ्याच्याने काही होणार नाही’, या दोन समजुती पक्क्या होतात.

म्हणून फोआंचा उपाय, प्रोलाँग्ड एक्सपोजर. साधारण आठ ते पंधरा बैठका, प्रत्येक दीड तासाची. रुग्णाने डोळे मिटून तो प्रसंग वर्तमानकाळात, आत्ता घडतोय असा, मोठ्याने सांगायचा. संपला की पुन्हा पहिल्यापासून. त्याचं रेकॉर्डिंग घरी रोज ऐकायचं. शिवाय टाळलेल्या पण खरोखर सुरक्षित असलेल्या गोष्टींची यादी करून, कमी भीतीच्या गोष्टीपासून वर चढत जायचं. सांगता सांगता एखादीच्या लक्षात येतं, ‘मी प्रतिकार केला नाही म्हणून स्वतःला दोष देत होते, पण त्याच्या हातात चाकू होता.’ आठवण तीच राहते. पण आठवण म्हणजे पुन्हा तो प्रसंग नव्हे, हे कळतं.

हे ऐकायला क्रूर वाटतं ना? अनेक समुपदेशकांनाही वाटलं. जखमेवरची खपली कशाला काढायची? मला स्वतःला फोआंचं मोठेपण यात दिसतं, की त्या यावर वाद घालत बसल्या नाहीत, मोजत गेल्या. १९९१ च्या, ४५ स्त्रियांवरच्या अभ्यासात उपचार संपल्या संपल्या त्यांची पद्धत पहिली आलीच नाही. ताण हाताळण्याची कौशल्यं शिकवणारी दुसरी पद्धत पुढे होती. काही महिन्यांनी पुन्हा पाहिलं, तेव्हा एक्सपोजर घेतलेल्या स्त्रिया अधिक सावरलेल्या दिसल्या. त्यांनी दोन्ही निकाल छापले.

२००५ चा अभ्यास मला त्याहून महत्त्वाचा वाटतो. फिलाडेल्फियातल्या बलात्कारपीडितांसाठीच्या एका संस्थेतल्या समुपदेशकांना हीच पद्धत शिकवली आणि त्यांचे निकाल विद्यापीठातल्या तज्ज्ञांशी ताडून पाहिले. फरक पडला नाही. अर्थात त्यांना रीतसर प्रशिक्षण होतं, मागे तज्ज्ञांची देखरेख होती.

आता दुसरी बाजू. २००७ मध्ये सैन्यातल्या २८४ स्त्रियांवरचा मोठा अभ्यास आला, फोआ त्यात सहलेखिका होत्या. एक्सपोजर घेतलेल्यांपैकी ४१ टक्के स्त्रिया पीटीएसडीच्या निदानातून बाहेर पडल्या. वर्तमानातल्या अडचणींवर बोलण्याचा उपचार घेतलेल्यांत ते प्रमाण सुमारे २८ टक्के. पण एक्सपोजरच्या गटातल्या ३८ टक्के स्त्रियांनी उपचार मध्येच सोडला, दुसऱ्या गटात २१ टक्क्यांनी. म्हणजे औषध कडू आहे, ते सगळ्यांना पचत नाही.

प्रश्न आलाय: ‘मग घरी आम्हीच मुलीकडून पुन्हा पुन्हा वदवून घ्यावं का?’ नाही. तिला बोलायचं असेल तेव्हा ऐका, ‘विषय नको’ म्हणू नका, इतकं पुष्कळ. खोदून विचारणं वेगळं आणि प्रशिक्षित माणसासमोर, तिच्या संमतीने, ठरवून सांगणं वेगळं. महिना उलटूनही झोप नाही, घराबाहेर पाऊल नाही, असं असेल तर क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट किंवा मनोविकारतज्ज्ञाकडे न्या. कुठे जायचं हेच ठाऊक नसेल तर सरकारच्या टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक आहे, तिथे मराठीतून बोलता येतं.