बोर्ड ‘गेला’ की स्मृती बिघडली?

अलिबाग (प्रतिनिधी) - ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा विजेचे खांब कोसळून अनेक गावे अंधारात बुडाली. वादळ नसले तरी पावसाळ्यात येथे वीज जाते, येते, मंदावते. मग पंपाचा कंट्रोलर वा वॉशिंग मशिन नुसतेच दिवे लुकलुकवते आणि ‘बोर्ड गेला’ असा निकाल मिळतो. तो नेहमीच खरा नसतो.

बोर्डावरील मायक्रोकंट्रोलर फर्मवेअर, म्हणजे उपकरण चालविणाऱ्या आज्ञा, आपल्या स्मृतीत जपतो. व्होल्टेज हळूहळू उतरले तर तो धड थांबत नाही, धड चालतही नाही. अशा अवस्थेत चुकीची आज्ञा अमलात येऊन स्मृतीतील नोंदी बदलू शकतात. त्यावर ‘ब्राउन-आउट’ सुरक्षा हा उपाय आहे. परंतु एटमेगा ३२८ सारख्या प्रचलित चिपमध्ये ती कारखान्यातून बंदच येते. उपकरणाच्या निर्मात्याने सुरू करावी लागते. वेगळा सुटा भाग लागत नाही, तरीही हे राहून जाते!

जाणकार तंत्रज्ञाने प्रथम पुरवठ्याचे व्होल्टेज मोजावे. नंतर प्रोग्रामरने स्मृती दोनदा वाचावी. दोन्ही प्रती जुळल्या नाहीत तर दोष बहुधा पुरवठ्यात वा जोडणीत; खाऱ्या हवेने पिना गंजतात. प्रती जुळल्या, पण मूळ फाइलहून निराळ्या निघाल्या, तर फर्मवेअर बिघडले. ते पुन्हा भरावे. (चिप वाचनासाठी कुलूपबंद असेल तर ही तुलना निरर्थक.) त्यानंतरही पडताळणी चुकत राहिली तरच चिप बदलावी.

खरी अडचण मूळ फाइलची. ती उत्पादकाकडे असते व ग्राहकाला सहसा मिळत नाही. मग शाबूत बोर्डही टाकून द्यावा लागतो.