यंत्राचे उत्तर आणि शाळेतील मूल

कृत्रिम बुद्धिमत्ता हे शब्द ऐकून काही शिक्षकबंधुभगिनी बिचकतात, तर काही भारावून जातात. दोहोंचे कारण एकच: हे यंत्र नेमके काय करते, याची स्पष्ट कल्पना नसणे.

या यंत्रास अफाट लिखित मजकूर पुरविलेला असतो. कोणत्या शब्दामागून कोणता शब्द येणे संभवनीय, याचा अंदाज त्यावरून बांधून ते उत्तर रचते. त्यामुळे त्याचे खरे व खोटे उत्तर सारख्याच सफाईने येते. चाचरणारा विद्यार्थी आपणांस ओळखता येतो. हे यंत्र चाचरत नाही.

आपल्या शहराचेच उदाहरण घ्यावे. मलिक अंबरने 1610 मध्ये खडकी येथे शहर वसविले. पुढे ते फत्तेनगर, मग औरंगाबाद आणि 2023 पासून छत्रपती संभाजीनगर झाले. चॅटजीपीटी 2022 च्या नोव्हेंबरात खुले झाले, तेव्हा त्यास 2021 पर्यंतचाच मजकूर पुरविलेला होता. हे नामांतर त्यास ठाऊक असणे शक्यच नव्हते. अलीकडची यंत्रे ताजी माहिती धुंडाळतात खरी. तथापि इंग्रजीच्या मानाने मराठी मजकूर थोडा, आणि आपल्या खेड्याविषयी तर नाममात्रच.

खरी अडचण वर्गात नसून घरी आहे. निरक्षर पिता कपाशीवरील बोंडअळीविषयी यंत्रास विचारतो आणि उत्तर वाचून दाखविते पाचवीतील मूल. औषधाचे प्रमाण चुकल्यास पीक जाते, प्रसंगी फवारणाऱ्याच्या जिवावर बेतते. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी व मजूर दगावले. तेथे यंत्राचा संबंध नव्हता, परंतु विष तेच आहे. यंत्राने सांगितलेले प्रमाण डब्यावरील सूचनांशी व परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या शिफारशीशी ताडून पाहावे, हे त्या मुलास शाळेनेच शिकविले पाहिजे.

त्यासाठी संगणककक्ष नको. शिक्षकाचा एक फोन पुरे. गावची बारव, यात्रा, जुनी वेस यांविषयी यंत्रास विचारून उत्तर फळ्यावर लिहावे. मुलांनी जागेवर जाऊन व वडीलधाऱ्यांना विचारून ते तपासावे आणि चुकीच्या वाक्याखाली तांबडी रेघ ओढावी. एरवी तांबडी शाई गुरुजींच्याच हाती असते, तेव्हा या कामाचा उत्साह निराळा सांगावयास नको.

विद्यार्थ्यांची नावे, छायाचित्रे वा आधार क्रमांक मात्र यंत्रास देऊ नयेत. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमाने 18 वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती आवश्यक ठरविली आहे. आणि निबंध घरून लिहून आणावयास सांगण्याची प्रथा आता सोडलेली बरी. तो वर्गातच, आपल्या देखत लिहवून घ्यावा.