सहीला शाई हवी

श्टुटगार्ट : ‘जर्मनीत काय, एकदा चिकटलं की कोणाची टाप आहे काढायची!’ पुण्याला फोन केला की हे वाक्य कोणी ना कोणी ऐकवतंच. आपल्या मनातली जर्मनी म्हणजे थंड हवेतली सरकारी नोकरी.

तर मंडळी, इथेही काढतात. पहिल्या सहा महिन्यांच्या परीक्षाकाळात तर कारणही न देता, दोन आठवड्यांच्या नोटिशीवर. 1951चा बडतर्फीपासून संरक्षण देणारा जो कायदा आपल्याकडे कौतुकानं सांगितला जातो, तो दहा किंवा त्याहून कमी माणसांच्या छोट्या आस्थापनांना लागूच होत नाही. आणि आमच्या या मोटारींच्या गावात सध्या पेपर उघडला की नोकरकपात.

मला नवल वाटलं ते काढण्याच्या रीतीचं. नोटीस कागदावरच हवी आणि खाली शाईची सही हवी. ई-मेल चालत नाही, व्हॉट्सअ‍ॅप चालत नाही, सहीचा स्कॅनही चालत नाही. कंपनीत कर्मचाऱ्यांनी निवडलेलं मंडळ असेल (पाच माणसं असली तरी ते निवडता येतं), तर त्याला आधी कारणं सांगून त्याचं म्हणणं ऐकावं लागतं. ते राहिलं, तर नोटीस रद्द.

आमच्या ऑफिसात एकाला अशी नोटीस आली. गडी ती घेऊन कॅन्टीनमध्ये आला, खिडकीच्या उजेडात धरली, बोट जिभेला लावलं आणि सहीवरून फिरवलं. निळा फराटा उमटला. ‘शाईच आहे,’ म्हणाला आणि बटाट्याचं सॅलड खायला बसला. नोटीस मिळाल्यापासून तीन आठवड्यांत दावा लावावा लागतो; तो त्यानं लावला. पहिली तारीख तडजोडीची असते, एकटे न्यायाधीश, कोणालाही बसता येतं, म्हणून मीही गेलो. मला वाटलं, आता उलटतपासणी, आरडाओरडा. पाव तासात आटोपलं! सेवेच्या दर वर्षामागे अर्ध्या महिन्याचा पगार भरपाई, हा कायदा नव्हे, नुसता रिवाज. तिथून घासाघीस सुरू झाली आणि थोडी वर सरकून थांबली. बाहेर आल्यावर हा आणि एचआरचा माणूस ट्रामच्या थांब्यावर फुटबॉलवर बोलत उभे! मला त्या दोघांचाही राग आला.

कारण डोक्यात हिंजवडी होती. माझ्या मावसबहिणीला तिथल्या एका कंपनीत दुपारी चार वाजता मीटिंग रूममध्ये बोलावलं. दार बंद. आत्ता राजीनामा दिलास तर रिलीव्हिंग लेटर स्वच्छ मिळेल, नाहीतर कामगिरी वाईट होती असं लिहावं लागेल. तिनं सही केली. लॅपटॉप तिथेच ठेवून घेतला, पुन्हा जागेवर जाऊ दिलं नाही. सकाळचा डबा टेबलावर राहिला होता, तो सिक्युरिटीवाल्यानं खाली गेटवर आणून दिला. मी फोनवर तावातावानं म्हटलं, ‘सही कशाला केलीस? कामगार आयुक्तांकडे जा!’ ती म्हणाली, ‘दादा, आम्ही काय कामगार आहोत का?’

घोडं अडतं ते इथे. आयटीतला इंजिनिअर कायद्याच्या व्याख्येत बसतो की नाही, हा वाद कोर्टात व्हायचा तेव्हा होईल. आमच्या माणसांनी तो मनातल्या मनात केव्हाच हरून टाकला आहे. युनियन म्हटलं की आम्हांला 1982चा गिरणी संप आठवतो आणि आम्ही कॉलर सरळ करतो. इथे डॉक्टरेटवाला इंजिनिअर आयजी मेटाल या युनियनचं सभासदकार्ड बाळगतो, इशारा-संपाच्या दिवशी लाल टोपी घालून शिट्टी फुंकतो आणि दुपारी परत येऊन डिझाइन रिव्ह्यू घेतो. कागदावर आपण काही सगळीकडे मागे नाही. 2017पासून आपली प्रसूतिरजा 26 आठवड्यांची. यांची 14 (नंतरची लांबलचक पालकरजा वेगळी). पण इथली बाई ती रजा सांगते तेव्हा आवाज खाली करत नाही.

हे लोक देवमाणसं आहेत असंही समजू नका. माउलटाशन हा इथला पदार्थ, सारण भरलेल्या उकडीच्या चपट्या करंजीसारखा. कॉन्स्टान्सच्या एका वृद्धाश्रमातल्या सेविकेनं 2009 साली उरलेल्या, टाकून द्यायच्या अशा सहा माउलटाशन घरी न्यायला घेतल्या, म्हणून तिला काढलं. खालच्या कोर्टानं ते योग्य ठरवलं. वरच्या कोर्टात 42,500 युरोंवर तडजोड झाली. कद्रूपणा करावा तर असा!

आजारपणाच्या रजेचं तर माझ्या बाबांना अजून पटलेलं नाही. एक सहकारी सुट्टीत मायोर्काला जाऊन तापानं पडला. डॉक्टरांचा दाखला आणला आणि तेवढ्या सुट्ट्या परत खात्यात! ‘साहेब काही बोलले नाहीत?’ बाबा. साहेब म्हणाले, लवकर बरा हो. आजारपणात सहा आठवडे कंपनीचा पूर्ण पगार. मात्र डिसेंबरात अर्धी टीम अशी लवकर बरी होत असते आणि रिलीज माझ्या डोक्यावर येतं, तेव्हा माझ्यातला हिंजवडीचा मॅनेजर जागा होतो, हेही सांगतो.

रविवार तर यांनी राज्यघटनेतच घालून ठेवला आहे. दुकानं बंद, दूध संपलं तर काळा चहा. गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी नारायण मेघाजी लोखंड्यांनी 1890 साली मिळवून दिली, हे मी इथे ऐटीत सांगतो. आणि सोमवारी सकाळी नऊला आमच्या श्टुटगार्टच्या स्क्रीनवर पुण्याच्या टीमचा ताजा अहवाल हजर असतो. तो रविवारी बसून केलेला असतो, हे मला ठाऊक आहे, कारण तो मीच मागवतो.

मागे आमच्या कंपनीतल्या कर्मचारी मंडळाच्या बाई तक्रार घेऊन आल्या: मी रात्री उशिरा काम करून सकाळी लवकर लॉगिन केलं, मध्ये अकरा तासांची विश्रांती झाली नाही. मी म्हटलं, माझं सोडा, दुपारी साडेचारची आपली मीटिंग हिवाळ्यात पुण्यात रात्री नऊला पडते, त्यांचं काय? बाई गंभीर झाल्या. वही काढली, पेनचं टोपण काढलं आणि अगदी मनापासून विचारलं, ‘तिथल्या मंडळाच्या अध्यक्षांचा नंबर द्या, मी आजच बोलते.’