करडईचे फूल, चिनी काढा आणि काकूंची गोळी

पौष-माघात करडईचे शेत फुलले की बांधावरून जाताना पाय थबकतो. आधी पिवळे, मग केशरी आणि सुकत आले की लाल होणारे हे फूल आपण फार मनावर घेत नाही. आपला डोळा दाण्यावर आणि घाण्यावर. पण चीनमध्ये, विशेषतः शिनजियांग भागात, हेच फूल वेचण्यासाठी पीक घेतात. दव असताना काटा नरम असतो म्हणून बाया-बापे पहाटेच शेतात उतरतात, पाकळ्या खुडतात आणि सावलीत वाळवतात. चिनी वैद्य या पाकळीला होंगहुआ, म्हणजे लाल फूल म्हणतात. साकळलेले रक्त वाहते करणारी म्हणून ती त्यांच्या काढ्यात पडते. आपल्याकडे फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बिनकाट्याच्या करडईचे वाण काढले, तेव्हापासून आपल्याही पाकळ्यांना चहासाठी गिऱ्हाईक मिळू लागले आहे.

हा चहा आमच्या भावकीतल्या एका काकूंच्या घरी दोन वर्षांपूर्वी आला, आणि त्याचे पुढे काय झाले ते सांगण्यासाठीच हा लेख लिहायला घेतला. पण आधी चिनी वैद्यकाची थोडी ओळख करून घेऊ.

छातीत कळ येऊन ती पाठीत जाते, धाप लागते, या दुखण्याची नोंद चीनमध्ये सुमारे अठराशे वर्षांपूर्वी झांग झोंगजिंग नावाच्या वैद्याने केली. त्यावर त्याने दिलेला एक काढा ऐकून तुम्हाला हसू येईल. त्यात मुख्य जिन्नस तीनच. एक फळ आपल्या पडवळाच्या आणि कवंडळाच्या गोत्रातले, एक कंद कांदा-लसणाच्या गोत्रातला, आणि ते उकळायला दारू! (दारूचे समर्थन म्हणून कोणी हे घरी वाचून दाखवू नये.)

पुढच्या काळात सर्वांत नाव झाले ते दानशेन या मुळीचे. झाड तुळशीच्या कुळातले, मुळी विटकरी लाल. तिच्यात एका प्रकारच्या जिनसेंगचा अर्क आणि भीमसेनी कापराचे सत्त्व मिसळून केलेल्या बारीक गोळ्या चीनमध्ये छातीत दुखणारे रुग्ण जवळ बाळगतात.

आता तुम्ही विचाराल, याने खरोखर गुण येतो का? पिढ्यान्‌पिढ्या लोक घेतात एवढ्यावर कोणी विश्वास ठेवू नये. लोक पिढ्यान्‌पिढ्या दृष्टही काढतात. पण अलीकडे चिनी डॉक्टरांनी हे औषध खऱ्या तराजूत घालून पाहिले आहे.

तोंगशिनलुओ नावाची एक कॅप्सूल आहे. नावाचा अर्थ हृदयाच्या वाटा मोकळ्या करणारी. तिच्यात जिनसेंग, चंदन आणि रानबोराच्या बिया आहेतच, पण त्याखेरीज जळू, विंचू आणि गोमही आहे. नाक मुरडू नका. जळूच्या लाळेत रक्त गोठू न देणारा पदार्थ असतो हे जगभरचे डॉक्टर मान्य करतात. हृदयविकाराचा मोठा झटका आलेले सुमारे ३,८०० रुग्ण चीनमधल्या १२४ इस्पितळांतून निवडले गेले. निम्म्यांना खरी कॅप्सूल दिली, निम्म्यांना हुबेहूब तशीच दिसणारी पोकळ. कोणाला कोणती, हे रुग्णालाही ठाऊक नव्हते आणि देणाऱ्यालाही नाही. २०२३ साली निकाल छापून आला. पहिल्या तीस दिवसांत मृत्यू, पुन्हा झटका, पक्षाघात यांसारखे संकट पोकळ कॅप्सूलवाल्यांत हजारी ५२ जणांवर आले, खऱ्या कॅप्सूलवाल्यांत ३४ जणांवर.

दुसरी चाचणी दमलेल्या, फुगलेल्या हृदयाच्या रुग्णांवर झाली. औषधाचे नाव चिलिचियांगशिन. त्यात अकरा वनस्पती, त्यांत दानशेन आहे आणि आपली करडईची पाकळीही आहे. तीन हजारांवर रुग्ण होते. सुमारे दीड वर्षात इस्पितळात भरती होण्याची किंवा हृदयविकाराने मरण्याची पाळी पोकळवाल्यांत शंभरी ३० जणांवर आली, औषधवाल्यांत २५ जणांवर. हा निकाल २०२४ सालचा.

हे आकडे वाचून हुरळून जाण्याआधी एक गोष्ट ध्यानात घ्या. या दोन्ही चाचण्यांत कोणाचेही इस्पितळातले नेहमीचे औषध बंद केले नव्हते. रक्तवाहिनीतली गाठ काढणे, ॲस्पिरिन, रक्तदाबाच्या गोळ्या हे सारे ज्याच्या त्याच्या गरजेप्रमाणे मिळत होते. चिनी औषध त्यावर जोड म्हणून दिले होते, त्याच्या जागी नव्हे. बाजारात पुडी विकणारा नेमके हेच सांगत नाही.

आणि ज्या औषधात गुण आहे त्यात अवगुणाचीही ताकद असते. हाँगकाँगमध्ये १९९० नंतरच्या दशकात डॉक्टरांच्या ध्यानात आले की हृदयाची झडप दुरुस्त केलेले किंवा बदललेले काही रुग्ण अचानक रक्तस्रावाच्या तोंडाशी येत आहेत. रक्त पातळ ठेवण्यासाठी ते वॉरफरिन घेत होते, आणि त्याच वेळी घरी दानशेनचा काढाही पीत होते. दोन्हींचा जोर एकत्र झाला.

हे मी वाचले तेव्हा मला काकू आठवल्या. लहानपणी सांधेताप येऊन हृदयाची झडप खराब होणे हे आपल्या खेड्यापाड्यांत नवे नाही. काकूंचे तेच झाले होते. कृत्रिम झडप बसवली, आणि रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभराची झाली. दर महिन्याला तालुक्याला जाऊन रक्त तपासायचे. मुलाने कुठे ऐकले की करडईच्या पाकळ्यांचा चहा हृदयाला चांगला. घरचीच करडई, पैसा लागत नाही. काकू सकाळ-संध्याकाळ कपभर पिऊ लागल्या. महिन्याने हिरड्यांतून रक्त येऊ लागले, दंडावर काळेनिळे डाग उठले. तपासणीत आकडा नेहमीच्या दुपटीला गेलेला. डॉक्टरांनी विचारले, "मावशी, नवीन काही खाता का?" काकू म्हणाल्या, "नाही हो डॉक्टरसाहेब." चहाचे नाव मुलाने काढले तेव्हा त्या म्हणाल्या, "फुलाचं पाणी ते, ते काय सांगायचं?"

चहामुळेच झाले असे डॉक्टर छातीठोक म्हणाले नाहीत. पण चहा बंद केला, गोळी दोन दिवस थांबवली, आणि आकडा जागेवर आला. तुमच्या घरी कोणी अशी गोळी घेत असेल तर हा प्रसंग त्यांना वाचून दाखवा. गर्भारणीनेही या पाकळ्यांच्या वाटेला जाऊ नये. चिनी वैद्य स्वतःच तिला त्या देत नाहीत.

आणखी दोन जिन्नसांची नावे सांगून ठेवतो. चिनी औषधांत फुत्झू म्हणून मुळी असते, ती आपल्या बचनागाची सख्खी बहीण. नीट शिजवून तिचे विष मारलेले नसेल तर हृदयाचे ठोके बिघडून माणूस दगावतो. आपले वैद्यही बचनाग शुद्ध केल्यावाचून वापरत नाहीत, ते उगाच नव्हे. दुसरा, बुरशीने आंबवलेला लाल तांदूळ. रक्तातली चरबी उतरवणारी लोव्हास्टॅटिन नावाची गोळी आणि या तांदळातला गुणकारी पदार्थ एकच आहे. म्हणजे चरबीची गोळी चालू असताना लाल तांदळाच्या कॅप्सूल घेणे हे एकाच औषधाचा डबल डोस घेणे झाले. शिवाय २०२४ साली जपानमध्ये अशाच कॅप्सूलमध्ये भलतीच बुरशी शिरली आणि अनेकांची मूत्रपिंडे बिघडली.

छातीत दडपण आले, घाम फुटला, कळ डाव्या हातात किंवा जबड्यात गेली, तर चूल पेटवून काढा उकळत बसू नका. १०८ ला फोन करा किंवा मिळेल ते वाहन काढा. चीनमध्येही झटका आलेल्या माणसाला आधी इस्पितळातच नेतात, कॅप्सूल त्यानंतर.

काकू आता बऱ्या आहेत. तपासणीला जाताना घरात खाण्यापिण्याचे जे जे नवे आले असेल ते सारे पिशवीत घालून नेतात आणि डॉक्टरांच्या टेबलावर एकेक मांडतात. मागच्या खेपेला त्यात हिंगाची गोळी होती, जवसाची चटणी होती आणि शेजारणीने काशीहून आणलेला अंगारा होता. डॉक्टरांनी सारे पाहिले, चटणीची चव घेतली आणि अंगारा तेवढा कपाळाला लावायला परत दिला.